पाऊल आणि घोट्याच्या दुखापतींसाठीची साधने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात पायाच्या दुखापतींचे दोन हंगाम असतात. एप्रिल-मे महिन्यांत आंबा काढताना झाडावरून पडलेले रुग्ण येतात, आणि मृगाचा पाऊस स्थिरावला की शेवाळलेल्या पाखाडीवर (दगडी पायऱ्यांच्या वाटेवर), विहिरीच्या काठावर किंवा लावणीच्या बांधावर घसरलेले. दोघांच्याही पायांवर प्लास्टर, पट्टा, बूट किंवा काखेत कुबडी यांपैकी काहीतरी येते, आणि त्यासोबत प्रश्नही येतात. कोणते साधन योग्य, याचे उत्तर एक्स-रेइतकेच रुग्णाच्या घरावर आणि घरापर्यंतच्या वाटेवरही अवलंबून असते. म्हणून आपल्या दाराशी किती पायऱ्या आहेत आणि न्हाणीघर कोठे आहे, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण सांगावे.

पाय नुसता मुरगळला आहे की हाड मोडले आहे, हे घरच्या घरी ओळखता येते का?

खात्रीने ओळखता येत नाही. पण एक्स-रेसाठी लगेच तालुक्याला धावावे की नाही, हे बऱ्याच अंशी ठरवता येते. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी काही सोपे निकष मांडले आणि आज ते अनेक देशांतील अपघात विभागांत वापरले जातात. घोट्याच्या आतल्या व बाहेरच्या उंचवट्याची मागची कड, खालच्या टोकापासून वर सुमारे ६ सेंटिमीटरपर्यंत, बोटाने दाबून पाहावी. तेथे हाडावरच दुखत असेल, किंवा पडल्यावर लगेच आणि नंतर तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. लंगडत टाकलेले पाऊलही येथे पाऊलच धरतात. पावलाच्या बाबतीत करंगळीच्या बाजूच्या लांब हाडाचा मागचा फुगीर भाग आणि आतल्या बाजूला कमानीच्या माथ्यावर असलेले नौकेच्या आकाराचे हाड, ही दोन ठिकाणे तशीच दाबून पाहायची असतात.

चालता येत असेल आणि दुखणे बाहेरच्या उंचवट्याच्या पुढे, मऊ सुजलेल्या भागात असेल, तर बहुधा तेथला अस्थिबंध, म्हणजे हाडांना जोडणारा चिवट पट्टा, ताणला गेलेला असतो, कारण पाऊल आत वळले की पहिला ताण त्याच्यावरच येतो. मात्र दारू प्यायलेल्या किंवा मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला हे निकष लावू नयेत; त्याला दुखत नाही, एवढ्यावरून हाड शाबूत आहे असे म्हणता येत नाही. वाढत्या मुलांमध्ये अस्थिबंधापेक्षा हाडाच्या टोकाजवळची वाढीची चकती कमकुवत असते. त्यामुळे मुलाचा पाय मुरगळलाच असेल, असे धरून आठवडाभर वाट पाहू नये.

बंदरावरचा मासळीचा बर्फ लावला तर चालेल का?

कातडी फाटलेली नसेल, तर चालेल. बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत भरून, वर फडके गुंडाळून, एका वेळी १५ ते २० मिनिटेच ठेवावा. सुजलेला पाय थेट बर्फाच्या पेटीत खुपसून बसण्याची सवय आमच्याकडील काही खलाशांना आहे. त्याने कातडी अक्षरशः भाजल्यासारखी होते. पहिले दोन-तीन दिवस गरम तेलाने चोळणे टाळावे, कारण आत नुकत्याच फाटलेल्या बारीक रक्तवाहिन्या चोळल्याने आणखी वाहतात.

क्रेप बँडेज, घोट्याचा मोजा आणि ब्रेस यांत फरक काय?

क्रेप बँडेज सूज आवरते, पण घोटा पुन्हा आत वळू लागला तर ती त्याला फारसे अडवत नाही. ती बोटांच्या मुळापासून सुरू करून, टाचेभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घेत नडगीपर्यंत न्यावी, आणि प्रत्येक वेढ्याने मागच्या वेढ्याचा साधारण अर्धा भाग झाकावा. नुसत्या घोट्यावर पाच-सहा घट्ट वेढे मारले, तर खालचे पाऊल वांग्यासारखे फुगते. औषधाच्या दुकानात मिळणारा ताणता मोजा ऊब आणि धीर देतो. त्याहून जास्त अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

खरा आधार मिळतो तो दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या असलेल्या किंवा नाडीने आवळायच्या ब्रेसमुळे. त्यात पाऊल वर-खाली हलते, पण आत वळत नाही, म्हणून रुग्ण लवकर चालू लागतो आणि स्नायू सुकत नाहीत. साध्या मुरगळण्याला आठवडेच्या आठवडे प्लास्टर घालण्यापेक्षा हे बरे, असे आता मानले जाते. फार सुजलेल्या, अजिबात टेकवत नसलेल्या घोट्याची गोष्ट वेगळी. ब्रिटनमध्ये अशा ५८४ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गुडघ्याखालचे प्लास्टर घातलेले रुग्ण नळीसारखी ताणती पट्टी घातलेल्यांपेक्षा लवकर सुधारले. पण ते प्लास्टर दहा दिवसांचे होते, दीड महिन्याचे नव्हते.

आपल्याकडची अडचण निराळीच आहे. हा ब्रेस बंद बुटात घालण्यासाठी घडवलेला असतो, आणि आपण वर्षभर चपलेत वावरतो. अंगठ्याच्या चपलेत ब्रेस नीट बसत नाही. मागे पट्टा असलेली रुंद सँडल घ्यावी, ब्रेसखाली सुती मोजा घालावा, आणि पावसाळ्यात मोज्यांचे दोन-तीन जोड ठेवावेत, कारण ओल्या मोज्यात बोटांच्या बेचक्यांत लगेच चिखल्या होतात.

हाड मोडलेले दिसत असताना डॉक्टरांनी अर्धेच प्लास्टर का घातले?

ते विसरलेले नसतात. पहिल्या काही दिवसांत पाय आणखी सुजणार असतो, आणि चारही बाजूंनी बंद असलेल्या कवचात त्या सुजेला जागा मिळत नाही. म्हणून पोटरीमागून पावलाखाली जाणारी पन्हळीसारखी पट्टी, म्हणजे स्लॅब, घालून वर बँडेज बांधतात. सूज उतरली की मग पूर्ण प्लास्टर किंवा शस्त्रक्रिया. या दिवसांत पाय उशांवर, छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवायचा असतो. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय टेकवणे पुरेसे नसते.

औषध घेऊनही दुखणे वाढत जाणे, बोटे दुसऱ्याने हलवली तरी पोटरीत किंवा पावलात असह्य कळ येणे, बोटे बधिर, थंड किंवा निळसर होणे, ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नये. आतला दाब वाढून रक्तपुरवठा तुटू लागल्याची ती खूण असते आणि काही तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ शकतात. रात्रीची एसटी नाही, रिक्षा मिळत नाही, असे असेल तर आधी डॉक्टरांना फोन करावा आणि ते सांगतील तसे वरचे बँडेज व आतला कापूस उभा कापून सैल करावा.

साधे प्लास्टर घ्यावे की फायबरचे?

साधे प्लास्टर म्हणजे भाजलेले जिप्सम. पॅरिसच्या परिसरात ते विपुल सापडे म्हणून त्याला प्लास्टर ऑफ पॅरिस हे नाव पडले, आणि त्याची पूड चोळलेल्या पट्ट्या ओल्या करून मोडलेल्या हाडावर बांधण्याची पद्धत नेदरलँड्सच्या सैन्यातील डॉक्टर अँटोनियस माथेसन यांनी १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केली. ते काही मिनिटांत घट्ट होते, पण पूर्ण वाळायला एक ते तीन दिवस लागतात. जुलैत आपल्याकडे पडवीतल्या दोरीवरची लुंगी जिथे तीन दिवस वाळत नाही, तिथे प्लास्टरने घाई करावी अशी अपेक्षा नको. तेवढे दिवस ते दोन तळहातांवर उचलावे, बोटांनी दाबू नये, आणि त्यावर भार देऊ नये.

फायबरचे कवच अर्ध्या तासात घट्ट होते, वजनाला हलके असते आणि पाण्याने विरघळत नाही. म्हणून ते भिजले तरी चालते, असा समज झाला आहे, आणि तो चुकीचा आहे. आतले कापसाचे अस्तर भिजतेच, आणि बाहेरचे कवच कोरडे दिसत असताना आतली कातडी दिवसेंदिवस ओली राहते. हाड जागेवर बसवल्यानंतर त्याच्या आकाराबरहुकूम नेमका साचा करायचा असेल, तर साधे प्लास्टर अजूनही सरस ठरते. सूज उतरल्यानंतरच्या प्लास्टरसाठी, पावसाळ्यात आणि ऐपत असेल तर, आमचे मत फायबरच्या बाजूचे आहे.

आत खाज सुटते, वास येतो. काय करावे?

खाज सुटणे स्वाभाविक आहे. बाहेरून टिचक्या माराव्यात किंवा केस वाळवण्याच्या यंत्राची थंड हवा कडेने सोडावी. आत काहीही घालू नये. एका वयस्क बाईंचे प्लास्टर सहा आठवड्यांनी कापले, तेव्हा आतून माडाच्या झावळीच्या हिराचा बोटभर तुकडा निघाला. खाजवताना तो मोडून आतच राहिला होता, आणि त्याखाली रुपयाएवढी जखम झाली होती. पावडर टाकल्याने गोळे होतात, आणि साखरेच्या हाताने प्लास्टर धरल्यास मुंग्या आत शिरतात. कुजका वास, बाहेर उमटलेला डाग किंवा ताप यांपैकी काही असेल, तर प्लास्टर उघडून पाहायला हवे. ते कापण्याच्या यंत्राची धास्ती घेऊ नये; त्याची चकती फिरत नाही, नुसती थरथरते, त्यामुळे कडक कवच कापले जाते आणि हलणारी कातडी सहसा कापली जात नाही.

वॉकर बूट कोणाला देतात?

गुडघ्याखालपर्यंत येणारा, पट्ट्यांनी आवळायचा आणि तळ किंचित गोलाकार असलेला हा बूट हाडाच्या स्थिर, म्हणजे न सरकलेल्या, मोडींमध्ये, प्लास्टर काढल्यानंतरच्या काळात, आणि अकिलीस टेंडन, म्हणजे टाचेमागे हाताला लागणारी जाड दोरी, तुटल्यावर वापरतात. ती तुटताना मागून कोणी दगड मारल्यासारखे वाटते, असे रुग्ण सांगतात. त्या वेळी पाऊल खाली झुकलेले राहावे म्हणून बुटात टाचेखाली पाचरी ठेवतात आणि आठवड्यांच्या अंतराने एकेक काढतात. आता दुखत नाही म्हणून दोन पाचरी एकदम काढल्या, तर जुळू लागलेली दोरी ताणली जाऊन कायमची सैल राहू शकते.

बुटामुळे एक पाय दोन-तीन सेंटिमीटर उंच होतो, म्हणून दुसऱ्या पायात जाड तळाची चप्पल घालावी. नाहीतर कंबर धरते. बूट काढता येतो हा त्याचा गुण आणि तोच त्याचा दोष, कारण घरात कोणी पाहत नसताना तो खाटेखाली पडून राहतो. प्लास्टर असो वा बूट, पोटरी अचानक सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर शिरेत रक्ताची गाठ झाल्याची शंका घेऊन तातडीने दाखवावे.

कुबड्या घेऊन पाखाडी कशी चढायची?

प्रथम माप. सरळ उभे राहिल्यावर कुबडीचा वरचा भाग काखेच्या दोन-तीन बोटे खाली आणि मूठ मनगटाच्या पातळीवर असावी, म्हणजे मूठ धरल्यावर कोपर थोडे वाकते. भार तळहातांवर द्यायचा असतो. काखेवर लोंबकळल्यास तेथील नस दबून मनगट लुळे पडू शकते, आणि पायाच्या औषधासाठी आलेला माणूस हाताचे दुखणे घेऊन जातो.

चढताना आधी चांगला पाय वरच्या पायरीवर, मग दुखरा पाय आणि कुबड्या. उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय, मग चांगला. दवाखान्यातल्या सारख्या उंचीच्या, कठडा असलेल्या जिन्यावर हे पाच मिनिटांत जमते. जांभ्या दगडाची पाखाडी मात्र निराळी असते. एक पायरी वीतभर, पुढची हातभर, मधला चिरा हललेला, आणि जूननंतर सगळ्यांवर हिरवट बुळबुळीत थर. तेथे कुबडी टेकवण्यापूर्वी घरच्यांनी तारेच्या ब्रशने आणि ब्लीचिंग पावडरने निदान रोजच्या वाटेवरच्या पायऱ्या घासून काढाव्यात, आणि कुबडीच्या टोकाचे रबरी टोपण झिजून गुळगुळीत झाले असेल तर बदलावे. हे टोपण अगदी स्वस्त असते, पण त्याच्याकडे लक्ष देणारे आम्हाला फार थोडे भेटले आहेत. ताज्या सारवलेल्या जमिनीवरही कुबडी घसरते. ज्यांचे घर तीस-चाळीस पायऱ्या खाली आहे, त्यांनी पहिले पंधरा दिवस वरच्या वाडीत नातेवाइकांकडे राहावे, असे आम्ही स्पष्टपणे सुचवतो. एकट्याने उतरायचीच वेळ आली, तर बसून, एकेक पायरी सरकत उतरण्यात काही कमीपणा नाही.

वयस्क माणसांना कुबड्यांपेक्षा चौपायी वॉकर सोपा जातो, पण तो पायऱ्यांवर चालत नाही. शेवटी काठीवर आल्यावर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी.

झाडावरून पडून टाचेचे हाड मोडले आहे. फक्त पायाचाच एक्स-रे का पुरेसा नाही?

उंचावरून टाचांवर पडलेल्या माणसाचा धक्का टाचेपाशी थांबत नाही. अशा सुमारे १० टक्के रुग्णांत कंबरेचा मणकाही मोडलेला असतो, आणि पायाच्या वेदनेपुढे तो लक्षात येत नाही; दुसरी टाचही तपासावी लागते. झाडाखालून उचलतानाच पाठीला वळण न देता फळीवर आडवे न्यावे. टाचेचे हाड अंड्याच्या कवचासारखे आत दबते, म्हणून सीटी स्कॅन पाहून प्लेट बसवायची की नुसत्या स्लॅबवर ठेवायचे, हे ठरते. सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसू लागेपर्यंत शस्त्रक्रिया बहुधा थांबवतात, आणि ती आठ-दहा दिवसांची वाट पाहणे म्हणजे हयगय नव्हे.

करंगळीच्या बाजूचे हाड मोडले तर प्लास्टर लागतेच का?

नेहमी लागत नाही. त्या हाडाचे मागचे टोक उपटले गेले असेल, तर कडक तळाचा बूट घालून बहुतेक जण बरे होतात. टोकापासून थोडे पुढे, जेथे रक्तपुरवठा कमी असतो, तेथे मोडले तर मात्र भार न देता प्लास्टर किंवा एक स्क्रू लागू शकतो. या मोडीला जोन्स यांचे नाव आहे. सर रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश शल्यविशारदांनी १९०२ साली तिचे वर्णन केले, ते नाचताना स्वतःचेच हाड मोडल्यानंतर. गणपतीत जाखडी नाचून किंवा शिमग्यात पालखी नाचवून लंगडत येणाऱ्यांनी तेवढेच समाधान मानावे.

समुद्राच्या खाऱ्या हवेत सगळे गंजते. मग पायातली प्लेट गंजणार नाही का?

हवेतला खार प्लेटपर्यंत पोहोचत नाही, पण प्रश्न योग्य आहे, कारण रक्तही खारटच असते. म्हणून या प्लेटा आणि स्क्रू खिडकीच्या गजांच्या लोखंडाचे नसून ३१६ एल या प्रतीच्या पोलादाचे किंवा टायटॅनियमचे असतात. त्या पोलादातील क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो पुढील गंज रोखतो. त्रास नसेल, तर प्लेट आयुष्यभर आत राहिली तरी चालते. घोट्यावर मांस कमी असल्याने स्क्रूचे डोके बुटाला घासत असेल, तर हाड पूर्ण जुळल्यावर ती काढतात. बाहेर टोक ठेवलेल्या बारीक तारा मात्र साधारण चार ते सहा आठवड्यांत काढायच्याच असतात. एमआरआय करण्यापूर्वी आत धातू असल्याचे सांगावे. बहुतेक वेळा तपासणी करता येते.

पायाबाहेर सळ्यांची चौकट का लावली आहे?

हाडासोबत कातडीही फाटली असेल किंवा सूज फार असेल, तेव्हा जखमेपासून दूर सळ्या रोवून हाड बाहेरून धरतात. सायबेरियातील कुर्गान येथे गाव्रील इलिझारोव्ह यांनी विकसित केलेली ताणलेल्या तारांची कडी याच कुळातली. सळीच्या मुळाशी शिकवल्याप्रमाणे रोज स्वच्छता करावी, आणि त्यासाठी विहिरीचे पाणी वापरायचे असल्यास ते उकळून गार केलेले असावे. समुद्राचे पाणी जखमेला चांगले म्हणून त्यात पाय बुडवू नये.

मधुमेह असलेल्यांनी वेगळे काय करावे?

त्यांच्यासाठी कोणत्याही पट्ट्याची शिवण शत्रू ठरू शकते. बधिर पायाला घासलेले कळत नाही, म्हणून साधन रोज काढून, आरशात तळवा पाहावा. दुखापत आठवत नसताना एक पाऊल गरम, लाल आणि सुजलेले दिसले आणि दुखणे जेमतेम असले, तर आतली हाडे ढासळू लागलेली असू शकतात. त्यावर उपाय म्हणजे भार थांबवणे आणि संपूर्ण पावलाला चिकटून बसणारे प्लास्टर. तळव्यावर भार सारखा वाटून जखम भरू देणारी ही पद्धत भारतात कुष्ठरुग्णांवर वापरली जात होती, आणि वेल्लोर येथे काम केलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी ती अमेरिकेत नेली. नंतरच्या वापरासाठी एमसीआर नावाच्या मऊ रबरी तळाच्या, मागे पट्टा असलेल्या चपला मिळतात.

हाडवैद्याकडून बांधून घेतले तर?

गावात पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्यांच्या हाताला हाडाची जाण असते, हे आम्ही नाकारत नाही, आणि न सरकलेले हाड त्यांच्या कामट्यांमध्येही जुळते. घोटा मात्र सांधा आहे. तेथे हाड दोन मिलिमीटर सरकलेले राहिले तरी काही वर्षांत सांधा झिजू शकतो, आणि ते बोटांना जाणवत नाही. पाल्याच्या लेपावर कामट्या घट्ट आवळल्याने बोटे काळी पडलेली आम्ही पाहिली आहेत. निदान आधी एक्स-रे काढावा.

साधन विकत घेताना काय पाहावे?

ब्रेसचे माप चपलेच्या क्रमांकावरून घेऊ नये. घोट्याचा घेर टेपने मोजून वेष्टनावरच्या तक्त्याशी जुळवावा. शस्त्रक्रियेत प्लेट बसवली असेल, तर तिच्या वेष्टनावरील निर्माता आणि बॅच क्रमांकाची चिठ्ठी डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागावी. पुढे ती काढताना हत्यार कोणते लागेल, हे त्यावरून कळते. अशा अनेक शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात, म्हणून रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत न्यावे आणि पैसे भरण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे.

सगळे कधी सोडायचे, आणि कामावर कधी जायचे?

घोट्याचे हाड साधारण सहा आठवड्यांत धरते आणि तीन महिन्यांत भरवशाचे होते. विडी, तंबाखू आणि बायकांची मिश्री हे सर्व त्याला उशीर लावते. उजव्या पायात प्लास्टर किंवा बूट असताना कोणतेही वाहन चालवू नये. दुखऱ्या एका पायावर अर्धा मिनिट तोल न जाता उभे राहता येऊ लागले आणि त्याच पायाच्या चवड्यावर शरीर उचलता येऊ लागले, की सपाट वाटेवरचे काम सुरू करावे. चिखलातली लावणी आणि हलत्या होडीवरचे काम त्यानंतर काही आठवड्यांनी, आणि तेव्हाही ब्रेस घालून.

वापरून झालेल्या कुबड्या आणि ब्रेस दुसऱ्याला द्याव्यात का?

वॉकर बूट आणि ब्रेस आतल्या अस्तराला एकाच पायाचा आकार आणि घाम लागलेला असल्यामुळे देऊ नयेत. कुबड्या, काठी आणि चौपायी वॉकर अवश्य द्यावेत. देण्यापूर्वी उंचीचे स्क्रू गंजून अडकले नाहीत ना, हे पाहून त्यांना तेलाचे बोट लावावे आणि टोकांना नवी रबरी टोपणे घालावीत, कारण येत्या पावसाळ्यात त्या बहुधा त्याच पाखाडीवर टेकवल्या जाणार असतात.